सर, थायलंड मान्य. पण मॉर्फिनचं काय?

सर, नमस्कार.

गांजापासून काढलेलं औषध रुग्णांना मिळावं, या माझ्या लेखावर 'औषध हे निमित्त, खरं गिऱ्हाईक वेगळंच. थायलंडकडे बघा,' असं तुम्ही लिहिलंत. आधी माझी चूक पदरात घेतो. 'आयुर्वेदात विजया (म्हणजे भांग-गांजाचं झाड) आहेच की' हे मी पुरावा असल्यासारखं ठोकून दिलं होतं. जुन्या ग्रंथात नाव सापडलं म्हणून औषध लागू पडतं असं नाही. तो मुद्दा मागे घेतला.

थायलंडबद्दलही तुमचंच बरोबर. २०१८ मध्ये वैद्यकीय वापराला परवानगी दिली आणि जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतूनच काढला. दुकानांना वेसण घालणारा कायदा मात्र झालाच नाही. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकानं निघाली आणि २०२५ मध्ये सगळं पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागलं.

पण माझा लेख दुकानातल्या गांजाबद्दल नव्हताच. ज्या औषधाबद्दल होता ते एपिडायोलेक्स हे फिट्सवरचं, बाटलीतलं द्रावण आहे. ते मुलाच्या वजनाच्या हिशेबानं सिरिंजमध्ये मोजून तोंडात सोडतात. त्यातल्या कॅनाबिडिऑलनं, म्हणजे गांजाच्या झाडातून काढलेल्या घटकानं, गांजाची नशा चढत नाही. ड्राव्हे सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार) झालेल्या १२० मुलांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचे झटके महिन्याला साधारण १२ वरून ६ वर आले, नुसतं तेल घेणाऱ्यांचे १५ वरून १४ वर. चमत्कार म्हणत नाही मी. मुलं पेंगुळतात, यकृताच्या तपासण्या सारख्या कराव्या लागतात. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली ती हे सगळं तपासून.

'आपला कायदा वैद्यकीय वापराला आडवा येतच नाही, मग ओरड कशाची?' हा तुमचा प्रश्न मला खरा टोचला. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी सवलत आहे, खरं. पण तशी ती मॉर्फिनलाही, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकालाही होती. माझ्या आत्याचा कॅन्सर हाडात उतरला तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी अकरा मेडिकल पालथी घातली. एकानं चिठ्ठी वाचली, घडी केली आणि काउंटरवरून परत सरकवली. 'लायसनची कटकट आहे हो, आम्ही ठेवत नाही.' घरी आत्या उशीचा कोपरा दातात धरून पडली होती. राज्याराज्यांतल्या परवान्यांचं हे जंजाळ सोडवायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. कायदा होऊन एकोणतीस वर्षं झाली होती तोवर!

तुमच्या शाळेमागच्या टपरीवर गांजा मिळतो, असंही तुम्हीच लिहिलंय. तिथे ना परवाना लागतो ना चिठ्ठी. ती टपरी उठवायला मी तुमच्याबरोबर चौकीत येतो, वार सांगा. फक्त तिचा राग त्या बाटलीवर काढू नका.

विजयाचा परिच्छेद मूळ लेखात आडवी रेघ मारून ठेवलाय. पुसला नाही, नाहीतर तुमची प्रतिक्रिया कशाबद्दल होती ते नंतर येणाऱ्याला कळायचं नाही.