अंकी व अक्षरी रकमेत तफावत

वरच्या कार्यालयाच्या लेखा शाखेने आमचं चहापाण्याचं देयक परत पाठवलंय. शेरा असा: 'अंकी व अक्षरी रकमेत तफावत. खुलासा करावा.' अक्षरी रुपये आठशे पन्नास फक्त, अंकी 1850. वरचे हजार रुपये आमच्या लेझर प्रिंटरने मंजूर केलेत. गेले काही आठवडे तो प्रत्येक कागदावर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ ओढतोय, आणि ती पडते नेमकी रकमेच्या रकान्यात, आकड्याच्या डाव्या अंगाला. बिस्किटं 90 ची 190 झाली.

आता ती रेघ तारखेतून जाते, साहेबांच्या सहीतून जाते आणि तळाशी 'प्रत माहितीसाठी' हे शब्दही चिरून जाते. इतका लांब एक कुणी काढतं का? पण तपासणाऱ्याने रकाना तपासला, पान नाही. वर फोनवर मला विचारलं, "बैठकीला माणसं किती होती हो?" त्या 'हो'मधला सूर माझ्या अजून डोक्यात आहे. बावीस वर्षं नोकरी करून माझ्यावर संशय आला तो बिस्किटांचा.

मग कार्यालयात रोगनिदान सुरू झालं. ऑपरेटर ताई म्हणाली, ड्रायव्हर पुन्हा टाकू. मामा म्हणाले, बंद करून चालू करा. तेवढ्यात पंख्याखालच्या बाकावरून आवाज आला, "शाई जास्त झालीय."

हे काका म्हणजे गावातले जुने छापखानेवाले. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, विकून झालं, छापखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. आमच्याकडे ते एका दाखल्यासाठी येत होते. दाखला मिळाला, तरी येणं थांबलेलं नाही. पंखा चांगला आहे.

"काका, यात शाई नसते."

"मग छापता कशाने?"

"पावडर असते. टोनर म्हणतात."

"कोरडी?"

"कोरडी."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही रांगोळी घालता."

देयक त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला, अंगठ्याला थुंकी लावून रेघेवर दोनदा घासली. रेघ हलली नाही. "पक्की आहे," ते समाधानाने म्हणाले, जणू त्यांनीच मारली होती. मला राग याचा आला की नकळत त्यांनी एक खरी चाचणी उरकली होती. पावडर कागदावर बसते ती शेवटी, सुमारे दोनशे अंशांना तापलेल्या फ्यूजरखाली वितळून. अंगठ्याने पुसली गेली असती तर दोष फ्यूजरचा. पुसली गेली नाही, म्हणजे तो निर्दोष सुटला.

"रूळ धुवा," काकांनी निकाल दिला. "घासलेटने."

"काका, त्यातला रूळ म्हणजे ड्रम, पावडरीचं चित्र आधी त्यावर उमटतं. तो उजेडानेसुद्धा खराब होतो, घासलेट कसलं लावताय?"

"चाळीस वर्षं लावलं. रूळ लोण्यासारखा राहतो. मामा, बघा जरा घासलेट."

मामा उठले! मी दहा वेळा हाक मारल्यावर न उठणारे मामा एका हाकेत उठले. घासलेट आता मिळतंय कुठे, म्हणून ते कपाटामागून सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन घेऊन आले. कोरोनातला. तो कुठल्या साठा नोंदवहीत आहे हे विचारायची ती वेळ नव्हती. मी प्रिंटरपुढे आडवा उभा राहिलो.

काका दुखावले. मग त्यांनी आम्हाला एका लग्नपत्रिकेची हकीकत सांगितली. कोपऱ्यात शाईचा डाग पडला म्हणून वधूपक्षाने निम्मेच पैसे दिले होते. त्या वधूचा मुलगा आता इंजिनियर झालाय. "राहिलेल्या पैशांचा अर्ज इथेच करायचा ना?" त्यांनी विचारलं. ताईने त्यांना कोरा कागद दिला. रेघ नसलेला, म्हणून त्यांनी तिचं कौतुक केलं.

खरं तर या यंत्रातलं कोरड्या पावडरने छापायचं तंत्र आमच्याच जमातीतल्या माणसाच्या वैतागातून आलंय. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कला एका कंपनीच्या पेटंट विभागात होता. नकला करून करून कंटाळला आणि 22 ऑक्टोबर 1938 ला अ‍ॅस्टोरियात भाड्याच्या खोलीत, गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर कोरडी भुकटी टाकून त्याने तारीख आणि गावाचं नाव उमटवलं. म्हणजे काकांची रांगोळी अगदीच चुकीची नव्हती, पण हे मी त्यांना सांगणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगल्यावर मी एक पान छापायला सोडलं आणि अर्ध्यात झाकण उघडलं. कागद अजून फ्यूजरपर्यंत पोचला नव्हता. रेघ मात्र त्यावर हजर होती, कच्च्या पावडरची, बोट लावताच फिसकटणारी. म्हणजे चोर कार्ट्रिजमध्ये, पावडर आणि ड्रम असलेल्या डब्यात. आमच्या कार्ट्रिजचा ड्रम 24 मिलिमीटर व्यासाचा, त्याचा एक फेरा साधारण 75 मिलिमीटरचा. ए फोर कागदावर तो जवळजवळ चारदा फिरतो. ड्रमवर एका जागी टोचा असता तर दर 75 मिलिमीटरवर एक टिंब पडलं असतं, पट्टी लावून मोजता येतं. अखंड उभी रेघ म्हणजे चरा ड्रमला गोल वेढून गेलेला. उरलेली पावडर खरवडणारी एक लवचिक पट्टी आत असते. तिच्याखाली कचरा अडकला की तो ड्रमला असाच कातत बसतो.

कार्ट्रिज बाहेर काढून त्याचा हिरवा-निळा चकाकणारा ड्रम क्षणभर तिरका धरला, तर चरा नखालाही लागला.

आणि कचरा का अडकला? कारण आम्ही तीन दरपत्रकं मागवतो आणि सर्वांत कमी दराला काम देतो. सर्वांत कमी दरात येणारा मुलगा कार्ट्रिजला भोक पाडतो, पावडर ओततो, चिकटपट्टी लावतो आणि जातो. पट्टी साफ करणं, वाया गेलेल्या पावडरचा कप्पा रिकामा करणं हे त्या दरात बसत नाही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, मला माहितीये ड्रम गेलाय. पण तुमचं कोटेशन फक्त रिफिलचं आहे." माहितीये! दर वेळी तो तीच रेघ बघून, त्याच ड्रमवर नवी पावडर भरून, बिल ठेवून गेला. चूक त्याची तरी कशी म्हणू? कामाला रिफिल म्हणायचं हे आम्हीच ठरवलंय.

ड्रम बदलला. चहापाण्याच्या देयकापेक्षा कितीतरी कमी पैसे लागले. आता ते पैसे 'कार्यालयीन खर्च' की 'यंत्रसामग्री दुरुस्ती' यावर आमच्याच दोन टेबलांचं एकमत होत नाही, आणि मुलगा रोज साडेदहाला फोन करतो. शेवटी मी खिशातून दिले. पावती घेतलीय. लेखा शाखा म्हणते, पावतीवर 'ड्रम' लिहिलंय, आपल्याकडे बँड पथक आहे का?