दोन चांदण्या वर नाही, खाली!

‘अँग्युलर राउटिंगचे ४ सुवर्णनियम’ हा मेसेज कोडिंग शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. अँग्युलर म्हणजे वेब ॲप बनवायची चौकट, आणि राउटिंग म्हणजे कुठल्या पत्त्यावर (पाथवर) कुठलं पान दाखवायचं ते ठरवणं; असा एकेक नियम म्हणजे राउट. मी दोनदा सोडून दिला. परवा रात्री भाचीचा फोन : “मामा, एरर एकही नाही, पण कुठलीही लिंक दाबली तरी होमच उघडतंय.” तिने हेच नियम पाळले होते, आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी!

पहिला नियम म्हणे, दोन चांदण्यांचा (**) वाइल्डकार्ड राउट, म्हणजे कुठल्याही पत्त्याला चालणारा, यादीत सगळ्यात वर ठेवा आणि होमवर रिडायरेक्ट करा (आपोआप वळवा), ‘४०४ (पान नसल्याची एरर) कधीच दिसणार नाही’. खरंय. ४०४ दिसणार नाही आणि दुसरं काहीही दिसणार नाही. अँग्युलरच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय : राउटर वरून खाली जातो आणि जो राउट आधी जुळेल तो घेतो. दोन चांदण्या कशालाही जुळतात, मग खालच्यांची पाळी येणार कधी? रिॲक्ट या दुसऱ्या लायब्ररीसोबत वापरला जाणारा रिॲक्ट राउटर मात्र आवृत्ती ६ पासून क्रमापेक्षा नेमका पाथ बघतो. तिकडचं इकडे डकवलं असेल. बरं, चांदण्या तळाला नेल्या तरी होमवर ढकलणं वाईटच. लिंकमध्ये एक अक्षर चुकलं की माणूस गुपचूप होमवर, आणि त्याला वाटतं आपणच चुकीचं दाबलं. तुम्हालाही चूक कळत नाही. सरळ ‘पान सापडलं नाही’ म्हणणारा कंपोनंट (स्क्रीनचा तुकडा) द्या. होम डीफॉल्ट हवं, तर त्यासाठी रिकाम्या पाथचा वेगळा राउट असतो. तो रिडायरेक्ट करत असेल तर पाथमॅच ‘फुल’ (पूर्ण पत्ता जुळला तरच) लिहा, कारण रिकामा पाथ प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला जुळतो.

दुसरा आणि तिसरा नियम एकाच माळेचे : अँकर टॅगने (एचटीएमएलमधल्या लिंकच्या टॅगने) अख्खं ॲप रीलोड होतं, म्हणून डिव्हवर (साध्या चौकटीच्या टॅगवर) क्लिक लावा. पहिला अर्धा भाग खरा, मान्य. नुसत्या एचरेफने (टॅगमध्ये लिहिलेल्या पत्त्याने) रीलोड होतंच. पण म्हणून अँकर टॅग फेकायचा? त्यावर अँग्युलरची राउटरलिंक लावा. रीलोड टळतं आणि एचरेफही राहतो. डिव्हवर टॅब की पोचत नाही, राइट क्लिक करून नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही, स्क्रीन रीडरला ती लिंक वाटतच नाही.

चौथा : रिफ्रेशवर येणारा ४०४ हा ‘अँग्युलरचा बग’. नाही हो. तो पत्ता सर्व्हरवर फाइल म्हणून नसतोच. अशा वेळी इंडेक्स फाइल (ॲपचं मूळ पान) पाठव, एवढं सर्व्हरला सांगायचं असतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्राय-फाइल्सची एक ओळ पुरते.