पांढरं दिसलं की बर्फ

शाळेत भूगोल शिकवत असाल तर साताऱ्यात हवामानाची जबाबदारी आपोआप तुमच्या गळ्यात पडते. वळीव चुकला तरी लोक डेअरीवर गाठून मलाच जाब विचारतात. ते एक वेळ चालतं. पण मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जानेवारीतली मनालीची सहल ठरवली, कुणीतरी हौशी भाच्यानं त्यांना फोनवर उपग्रहाची चित्रं बघायला शिकवलं, आणि माझे ग्रह फिरले.

मी डबा भरत असताना फोन. "आवं जावईबापू, अंबाल्यापास्नं पाटण्यापातुर नुसता बर्फ पडलाय की! रेल्वे निघंल का आपली?"

थंडीत गंगेच्या मैदानावर धुक्याची जी लांबलचक गोधडी पसरते, ती मामांना सापडली होती. तिची वरची कड हिमालयाच्या पायथ्याला टेकलेली आणि पुढं लगेच खरा बर्फ. दोन्ही पांढरंफटक. कुठं काय संपतं, हे कुणाच्या बापाला कळणार?

उपग्रहाला तरी काय बोल लावायचा! साध्या चित्रात तो एवढंच मोजतो, की ऊन किती परत आलं. बर्फही परत पाठवतो, धुकंही पाठवतं. खरी गंमत आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत आहे. त्यांची लहर १.६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असली, की बर्फ ऊन गिळतो आणि काळा पडतो. धुक्याचे बारीक थेंब उजळच राहतात. म्हणून इन्सॅट-३डीआर हा आपला हवामानाचा उपग्रह दोन्ही तऱ्हेनं बघतो. दिसणाऱ्या प्रकाशाच्या आकड्यातून अवरक्ताचा वजा करायचा, दोघांच्या बेरजेनं भागायचं, उत्तर ०.४ च्या वर गेलं, की बहुधा बर्फ. हे सगळं मी संध्याकाळी कालनिर्णयच्या मागच्या बाजूवर लिहून दाखवलं.

"म्हंजे बर्फ काळा?" मामांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. मुलगी देताना नीट चौकशी केली होती का, असा तो चेहरा.

मी घाईनं रंग भरलेलं चित्र काढून दिलं. त्यात बर्फ आकाशी दिसतो, धुकं पांढरं. (उंचावरचे हिमकणांचे ढगही आकाशीच दिसतात, पण ते मी गिळलं. प्रत्येकाला आपला संसार असतो.)

आतून मामी म्हणाल्या, "निळा बर्फ बघायला एवढं पैसं भरलं व्हय?"

शेवटी एका रविवारी भल्या पहाटे मामांना अजिंक्यताऱ्यावर नेलं. खाली अख्खा सातारा धुक्यात बुडालेला, फक्त डोंगरांची डोकी वर. मी म्हटलं, हेच वरून बघा. धुकं दरीत साचतं, कडा उघड्या राहतात. बर्फाचं उलटं: माथे पांढरे आणि झाडाच्या फांद्यांसारख्या दऱ्या काळ्या. शिवाय धुकं बहुधा दुपारपर्यंत विरतं. बर्फ दुसऱ्या दिवशी तिथंच असतो.

"मग हे आदी सांगायचं की!" मामा म्हणाले. "उगं गणितं काय करत बसलाय?"

त्या दिवसापासून मामा तज्ज्ञ झाले. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आली, तर तेही ते उपग्रहात शोधायला बसले. इन्सॅटच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका एक किलोमीटरचा, आणि हे जेट्टीच्या फळ्यांवरचं, ऊन चढलं की जाणारं दव! पण पेठेतले लोक आता पाऊसपाणी त्यांनाच विचारायला लागले. मी कशाला बोलतोय?

सहल निघाली. चौथ्या दिवशी, ऐन परीक्षेच्या वर्गात, मनालीवरून फोन.

"जावईबापू, वर आलोय, पर समदं पांढरं झालंय. हाताला हात दिसंना. जरा उपग्रहात बघून सांगा, हितं बर्फ हाय का?"

बघितलं. वरूनही धुकंच, त्याच्याखालचं काही दिसायला मार्ग नाही. तसं सांगितलं.

मागून मामींचा आवाज आला, "आवं, पायाखाली बगा की!"