खुलासा : वाऱ्याने तलाव ‘आपोआप स्वच्छ’ होत नाही

पुण्यातल्या पाषाण-सूस-बाणेर भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘जोराचा वारा आला की लाटांमुळे ऑक्सिजन मिसळतो, पाषाण तलाव आपोआप स्वच्छ होतो, गाळाची चिंता नको.’

ऑक्सिजन मिसळतो हे खरं. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या (म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. ४ मीटर लांबीची लाट २ मीटर खोलवर जाणवते. उथळ तलावात म्हणजे थेट तळाशी. तिथे सांडपाण्यातून येऊन वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस असतो, काही मातीच्या कणांना चिकटलेला, काही कणांमधल्या पाण्यात विरघळलेला. गाळ ढवळला की दोन्ही वर येतात. वारा पडल्यावर गढूळपणा खाली बसतो, पण विरघळलेल्यातला काही भाग पाण्यातच राहतो आणि शेवाळाला खत मिळतं. वरून पाणी निवळलेलं दिसतं, म्हणूनच फसगत होते.

हा नुसता तर्क नाही. चीनमधल्या ताई सरोवराची सरासरी खोली जेमतेम २ मीटर. तिथे संशोधकांनी वाऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासून हे मोजलंय. २००७ मध्ये त्याच सरोवरातल्या शेवाळामुळे वूशी शहराचं पिण्याचं पाणी बिघडलं होतं.

बाहेरचं सांडपाणी थांबवल्यावरही असा गाळ अनेक वर्षं पोषकद्रव्यं सोडत राहतो. त्यामुळे ‘गाळाची चिंता नको’ हे वाक्य खरोखर नुकसान करणारं आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.