एअर क्लीनरमध्ये ऑइल दिसलं म्हणून लगेच बोअर करायला धावू नका

ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर लाल अक्षरांत 'एअर क्लीनरमध्ये ऑइल? इंजिन संपलं!' आणि खाली चार सूचना. एक, रिंगा-पिस्टन गेले, ताबडतोब बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून घासून नवे पिस्टन-रिंगा बसवा. दोन, तोवर ब्रीदरच्या पाइपाला बूच मारा. तीन, जाड ऑइल टाका. चार, फिल्टर डिझेलने धुऊन परत बसवा. रावेरच्या आमच्या मामांकडे केळी वाहणारी जुनी सहाचाकी आहे. त्यांना हा मेसेज दोन-तीन ठिकाणांहून आला आणि मामा या कामाच्या खर्चासाठी कर्जाची चौकशीसुद्धा करून आले. म्हणून हे लिहितोय.

दुसरी सूचना सगळ्यात घातक, तेव्हा आधी तिचंच बघू.

इंजिन कोरं करकरीत असलं तरी जळलेला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर दिलेला असतो. तिथे बूच मारलं म्हणून गॅस तयार व्हायचा थांबत नाही, तो दुसरी वाट काढतो. ऑइलची पातळी बघायची गेजपट्टी आपोआप वर उचलली जाते, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरायला लागतं आणि शेवटी क्रँकचं मागचं ऑइल सील जातं. त्या सिलाच्या पलीकडेच फ्लायव्हील आणि क्लच. ऑइल प्लेटवर गेलं की क्लच घसरणारच. आता ही गाडी भरून कन्नडचा घाट उतरवा, नाहीतर कोंडाईबारी. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरायला हवी, पण क्लच सुटत असेल तर इंजिन काय धरणार? सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. एअर क्लीनर मात्र कोरडा राहील हं. घाटात त्या कोरडेपणाचं काय लोणचं घालायचं?

आता पहिली सूचना. मेसेजसोबत एक फोटो आहे, तो जरा मोठा करून बघा भो. त्यात आहे ती ऑइल बाथ क्लीनरची वाटी! जुन्या ट्रकांना कागदी फिल्टरऐवजी हाच क्लीनर असायचा. वाटीत ऑइल, वर तारेची जाळी. हवा ऑइलवर आपटून वळते आणि धूळ खाली बसते. म्हणजे ऑइल तिथे मुद्दाम घातलेलं असतं, किती घालायचं त्याची खूणही वाटीवर असते. ते नसेल तर काळजी करायची. खुणेच्या वर भरलं तर मात्र इंजिन ते ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही पळतं. एकदा पळत सुटलं की स्टॉप ओढूनही बंद होत नाही, हवा तोडावी लागते.

कागदी फिल्टर असलेल्या गाडीत ऑइल दिसलं तरी आधी ब्रीदरचा पाइप कुठे जातो ते बघा. काही गाड्यांत तो थेट क्लीनरकडे किंवा त्याच्या पुढच्या होजला जोडलेला असतो, आणि हा काही कुणा फिटरचा जुगाड नव्हे. हा गॅस उघड्यावर सोडण्याऐवजी परत इंजिनात घेऊन जाळायची यंत्रणा कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकातच नव्या मोटारींना सक्तीची केली होती. गॅसबरोबर ऑइलची थोडी वाफ येणारच. त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी ओलसर चिकटा दिसला तर तो दोष नाही. फिल्टर भिजून थेंब गळायला लागले तर मात्र शोध घ्यायचा.

शोध घ्यायचा तो गेजपट्टीपासून. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून पातळी बघा. जास्त असेल तर क्रँक ऑइल घुसळतो आणि त्याचा फेस ब्रीदरमधून वर येतो. न भरता पातळी वाढली असेल तर पट्टीचा वास घ्या. डिझेलचा आला तर फीड पंप किंवा इंजेक्टर गळतोय, तशी गाडी चालवू नका. मग ब्रीदरची जाळी. मामांच्या गाडीत दुखणं इथेच निघालं. जाळी काळ्या मलमासारख्या गाळाने गच्च, आणि ऑइल परत खाली उतरायचं भोकही बुजलेलं. शेतातून सावद्याच्या स्टेशनापर्यंत छोट्या फेऱ्या, थंडीच्या दिवसांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये जमलेला पाण्याचा अंश उडत नाही, मग असा गाळ धरतो. क्लीनर चोंदला असेल तर ओढ वाढते आणि ऑइल आणखी खेचलं जातं, तेही बघा.

रिंगा कधी खरंच गेलेल्या असतात, हे नाइलाजाने कबूल. त्याची सोपी परीक्षा: इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण तोंडावर उलटं ठेवा. किंचित हललं तर चालेल. उडून पडलं आणि तोंडातून धुराचे भपके यायला लागले, तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे रिंगांतून गॅस जास्त खाली येतोय. पण हे जाळी साफ केल्यावर करायचं, आधी नाही.

जाड ऑइलने रिंगा भरून येत नाहीत. थंड इंजिनात ते वर पोचायला उशीर तेवढा होतो. आणि कागदी फिल्टर डिझेलने धुतला की तो फेकायच्याच लायकीचा. डिझेलने धुवायची ती ऑइल बाथची जाळी. मेसेजवाल्याने कुठलं तरी खरं वाक्य उचललं आणि भलत्या फिल्टरला चिकटवलं.

इतकं करूनही फिटर बोअरच म्हणाला, तर त्याच्याकडून सगळ्या सिलिंडरांचं कंप्रेशन मोजून आकडे कागदावर घ्या. आकडे कमी असले तरी इंजिनाचं हेड उघडण्याआधी सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायला सांगा. ऑइलच्या झाकणातून येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. तिघांचा खर्च वेगवेगळा आहे.