खाते न उघडता केलेल्या खरेदीविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या ऑनलाइन दुकानाला एक तारा देताना आपण चार तक्रारी नोंदवल्या आहेत : खाते न उघडता पैसे भरण्याची सोय लवकर सापडली नाही, पैसे भरताना पान अचानक दुसऱ्याच पत्त्यावर गेले, रक्कम दोनदा कापली गेली, आणि ऑर्डरचा ई-मेल तर आला नाहीच, उलट चॅटवर आमच्या सहकाऱ्याने कार्डाचे शेवटचे चार अंक विचारले. ‘हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार वाटतो,’ असे आपण शेवटी लिहिले आहे. या गोष्टी एकामागून एक घडल्यावर कोणालाही तसेच वाटले असते. दुकान माझे आहे, म्हणून त्या दिवशीच्या नोंदी स्वतः पाहून हे उत्तर देत आहे.

पहिली तक्रार पूर्णपणे मान्य आहे. ‘खाते उघडा’ हे बटण रुंद आणि ठळक होते, तर ‘खाते न उघडता पुढे जा’ ही ओळ त्याच्या खाली फिकट राखाडी अक्षरांत होती आणि मोबाइलवर कीबोर्ड उघडला की तीही झाकली जात असे. हे नजरचुकीने झाले, असे मी म्हणणार नाही. खाते उघडलेल्या ग्राहकाला पुढे जाहिरातींचे ई-मेल पाठवता येतात, म्हणून दुकानदाराला खाती हवी असतात, आणि तो मोह आम्हालाही आवरला नव्हता. आता दोन्ही बटणे सारख्याच आकाराची आणि शेजारीशेजारी आहेत. ‘माझी माहिती जतन करा’ या चौकटीत आधीपासून असलेली खूणही काढून टाकली आहे.

दुसऱ्या पत्त्यावर गेलेले पान मात्र आपल्या सुरक्षिततेसाठीच होते. कार्डाचा क्रमांक आमच्या पानावर टाइप होत नाही. तो पेमेंट गेटवे (दुकान आणि बँक यांच्यामध्ये पैशांचा व्यवहार पार पाडणारी सेवा) चालवणाऱ्या कंपनीच्या पानावर टाइप होतो आणि आमच्या सर्व्हरवर येतच नाही. आमच्याकडे येते ते एक टोकन (कार्ड क्रमांकाच्या जागी वापरला जाणारा संकेत), व्यवहार झाला की फसला एवढी माहिती आणि कार्डाचे शेवटचे चार अंक. कार्डावरचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यानंतर कोणत्याही दुकानाला, अगदी सांकेतिक रूपातही, साठवून ठेवता येत नाही. पीसीआय डीएसएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००४ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या कार्ड-सुरक्षेच्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. त्यानंतर ओटीपी मागणारे जे पान आले ते आपल्या बँकेच्या पडताळणीचे होते, आणि तिथे काय टाइप केले तेही आम्हाला दिसत नाही.

तरीही पत्ता बदलताच आपण थबकलात, हे योग्यच केलेत. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीतले कुलूप पाहून निर्धास्त होऊ नये, कारण त्या कुलपाचा अर्थ मधल्या वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही एवढाच असतो. भामट्याच्या संकेतस्थळालाही ते सहज मिळते. पाहायचे असते ते पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी असलेले नाव. ओळखीचे नाव सुरुवातीला आणि अनोळखी नाव त्या रेघेला चिकटून असेल, तर ते संकेतस्थळ त्या अनोळखी नावाचे असते. आपल्याला पुढच्या पानावर कोणते नाव दिसेल, हे आम्ही आधी सांगायला हवे होते. आता बटणाखाली ते लिहिले आहे.

रक्कम दोनदा कापली गेल्याचे दिसते, पण आमच्याकडे ती एकदाच जमा झाली आहे. पहिल्या प्रयत्नात बँकेने रक्कम राखून ठेवली, परंतु पान आमच्याकडे परत येण्याआधीच जोडणी तुटली. आपण पुन्हा प्रयत्न केलात आणि तो पूर्ण झाला. पहिली रक्कम रद्द करण्याचा संदेश आम्ही गेटवेमार्फत पाठवला आहे. ती मोकळी करणे बँकेच्या हाती असते आणि त्याला काही दिवस लागू शकतात. तोपर्यंत ती स्टेटमेंटमध्ये ‘प्रलंबित’ म्हणून दिसेल.

आता ई-मेलबद्दल, कारण सगळा घोळ इथेच झाला. फॉर्ममध्ये आपल्या पत्त्यातले एक अक्षर गळले होते (पत्ता इथे अर्थातच लिहीत नाही), त्यामुळे पावती भलतीकडे गेली. खाते असते तर लॉगिन करून ऑर्डर पाहता आली असती. खात्याविना खरेदी करणाऱ्याकडे मात्र त्या एका ई-मेलशिवाय काहीच उरत नाही, आणि ऑर्डर क्रमांक हाती नसल्यामुळेच सहकाऱ्याने शेवटचे चार अंक विचारून नोंद शोधली. त्या चार अंकांवरून कोणालाही पैसे काढता येत नाहीत. पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी आमच्या नावाने कोणी मागितला, तर तो माणूस आमचा नाही असे खुशाल समजावे.

‘खाते उघडले असते तर पैसे सुरक्षित राहिले असते,’ हे आपले म्हणणे मात्र मला पटत नाही. कार्डाची सुरक्षितता वर सांगितलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि ती खाते असलेल्या-नसलेल्या प्रत्येकाला सारखीच लागू होते. किंबहुना खाते नसेल तर आमच्याकडे आपला पासवर्ड नसतो, म्हणून तो चोरीला जाण्याचा प्रश्नच येत नाही. नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल मात्र माल पोहोचवण्यासाठी आणि बिलासाठी तरीही आमच्याकडे राहतात. खाते न उघडणे म्हणजे निनावी राहणे नव्हे.

उणीव होती ती खरेदीचा माग ग्राहकाच्या हाती देण्यात. आता ई-मेल पत्ता दोनदा विचारला जातो, पैसे भरताच ऑर्डर क्रमांक पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसतो आणि तोच एसएमएसनेही जातो. आपली पावती दुरुस्त पत्त्यावर आज पुन्हा पाठवली आहे. पहिली रक्कम मोकळी झाली नाही, तर त्याच ई-मेलला उत्तर द्यावे. बँकेला दाखवण्यासाठी व्यवहार रद्द केल्याचा संदर्भ क्रमांक त्यात दिला आहे.