लाह्तीचा इतिहास आणि वॅक्सचं गणित

फिनलंडमधल्या लाह्ती शहरावरचा आणि तिथल्या स्कीइंगवरचा तुमचा लेख आवडला, पण लाह्तीचा इतिहास त्यात स्की-उडीच्या मनोऱ्यांपाशीच संपतो. १८७७च्या आगीत हे गाव जवळपास खाक झालं. पुढच्याच वर्षी तिथे आखीव चौकोनी रस्त्यांचं बाजारगाव वसवायचं ठरलं. रेल्वे आधीच आलेली होती, म्हणून ते झपाट्यानं वाढलं आणि १९०५मध्ये शहर झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातले हजारो विस्थापित इथे आले, तिथल्या व्हीपुरी शहराचे कितीतरी उद्योगही आले. आजचं लाह्ती समजायला हे हवंच.

फिनलंडिया-हीह्तो ही लांब पल्ल्याची स्की शर्यत १९७४मध्ये सुरू झाली, तेव्हा हामेनलिन्ना ते लाह्ती अशी ७५ किलोमीटरची होती. एवढ्या अंतरात क्लासिक पद्धतीनं, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून, जाणाऱ्यांचा घात बहुतेकदा वॅक्सच (स्कीच्या तळाला लावायचं मेण) करतं. लेखात त्यावर एकच ओळ आहे, म्हणून थोडं सविस्तर. ग्रिप वॅक्स (बर्फावर पकड देणारं) स्कीच्या फक्त मधल्या भागात लावायचं, बुटाच्या टाचेपासून पुढे साधारण ५०-६० सेंटीमीटर. टोकांना ग्लाइड वॅक्स (सहज घसरू देणारं). ग्रिप वॅक्सच्या खाली बेस बाइंडर (वॅक्स धरून ठेवणारा पहिला थर) इस्त्रीनं बसवून पूर्ण गार होऊ द्यायचा, मग ग्रिप वॅक्सचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर कॉर्कच्या ठोकळ्यानं घासून. एकच जाड थर दिला आणि तापमान शून्याच्या आसपास, बर्फ ताजा असेल तर बर्फ तळाला चिकटतो, स्की सरकतच नाही. उलट वितळून पुन्हा गोठलेला खरखरीत ट्रॅक साधं कडक वॅक्स काही किलोमीटरांत खरवडून काढतो. तिथे क्लिस्टरच (चिकट, पातळ ग्रिप वॅक्स) लागतं.